तिंजुतीचा धूर

आदिस अबाबा
मेस्केरेम ८

इतेते,

नवं वर्ष माझ्या थोरल्या बहिणीला, भावोजींना आणि पोरांना सुखाचं जावो. सेफू आणि मी, आम्ही दोघं बरे आहोत. तुझी आठवण तेवढी छळते, बाकी काही दुखत-खुपत नाही.

आज मात्र काम घेऊन आलेय. एमायेंचे, माझ्या सासूबाईंचे, गुडघे आता पार गेले. संत मिकाएलच्या माहबरमध्ये, त्या मंडळीत, त्या लग्न होऊन आल्यापासून बसतायत. दर महिन्याच्या बारा तारखेला कुणाच्या तरी घरी जमायचं, पाळी आपली असली की सातू आंबवून तेल्ला गाळायची, सगळ्यांना जेवू घालायचं. आता म्हणतात, "माझ्याने उठबस होत नाही, माझी जागा सुनेला देते." सुना दोन आणि जागा एक! थोरली जाऊ त्सेदाले पुढच्या महिन्यात, टिकिम्तच्या बाराला, सगळ्यांना घरी बोलावणार आणि त्याच्या पुढच्या महिन्यात, हिदारच्या बाराला, मी. जिची तेल्ला सरस उतरेल तिच्या हातात एमाये जागेची खूण म्हणून मिकाएलचा प्याला ठेवणार.

तुला वाटेल, एका जागेचं काय एवढं! अगं, तुला गावात कुणी विचारतं का, तू कुणाची म्हणून? मी इतकी वर्षं इथे राहून अजून 'ती डोंगरातली'च आहे. माहबरमध्ये जागा असली की आजारपणात बायका धावून येतात, घरात मयत झालं तर चूल सांभाळतात. मागच्या वर्षी माझं बाळ गेलं तेव्हा तू बसने येईपर्यंत माझ्या दारात कुणी फिरकलं नव्हतं, तू पाहिलंस. मला ती जागा हवी आहे, इतेते. स्पष्टच सांगते.

तर तेल्लेच्या भांड्याला धुरी द्यायला आपल्या डोंगरातली तिंजूत पाठव. इथल्या बाजारात तिंजूत म्हणून जे विकतात ती नुसती काटकं, जाळली तर डोळ्यांत तेवढी जातात. एमायेंच्या घरात सगळे भांड्याला रानऑलिव्हच्या ढलप्यांचा धूर देतात. तो वाईट नसतो, पण तो आपला नाही.

सेफूने तेल्लेसाठी नवं पिंप आणलंय. निळं, झाकणाचं. मापं द्यायला आलेल्या गिऱ्हाइकांनासुद्धा आधी पिंप दाखवतो, मग टेप काढतो.

तुझी वुबे


जिब वाशा
मेस्केरेम २१

माझ्या शेंडेफळा,

पत्र मिळालं. स्वतः वाचलं, मग यांना मोठ्याने वाचून दाखवलं. प्रौढांच्या वर्गातला मास्तर म्हणायचा, तांगुत, तुझं अक्षर म्हणजे कोंबडीने उकरलेलं अंगण. बघ म्हणावं आता, कोंबडी राजधानीत पत्रं धाडते!

तिंजूत मागतेस? अगं, या वर्षी डोंगर असा फुललाय की खालून बघणाऱ्याला वाटावं वर कुणीतरी धुणं वाळत घातलंय. पांढरीशुभ्र फुलं, आणि मधमाश्यांची ही दाटी. मी कोयता घेऊन गेले आणि कोपरापर्यंत ओरबाडून घेऊन परत आले. काटे टोचल्याशिवाय तिने कुणाला काही दिलंय का कधी? तिला कुणी लावलं नाही, कुणी पाणी घातलं नाही, शेळीसुद्धा तिला तोंड लावत नाही. आणि तिच्यावाचून आपल्याकडे एका घरात तेल्ला होत नाही, एक बाळंतीण खोलीबाहेर येत नाही. मला तर वाटतं, आपल्या घरच्या बायका तिच्याच वाणाच्या.

दोन मोठ्या जुड्या बितेवलिनबरोबर पाठवतेय. तोच मसूरवाला बितेव, लहानपणी तुझ्या वेण्या ओढायचा तो. सावलीत वाळव, उन्हात नको. खापरीत निखारे घे, वर पानांसकट काटकं ठेव, जाळ होऊ देऊ नकोस, नुसता धूर. भांडं त्यावर पालथं घाल. आई कशी करायची आठवतंय? मधूनच भांडं उचलून आत तोंड घालायची आणि ठसका लागला की "झालं" म्हणायची. ठसका लागेपर्यंत सोडायचं नाही.

इथे हिदारच्या मिकाएलला, त्या मोठ्या सणाला, काय होतं ते तुला ठाऊक आहेच, तरी सांगते, मला सांगायला आवडतं. चर्चमधली प्रार्थना उरकली की आपले पाद्री आबा मेल्कू आधी माझ्या दारात आणि त्यांच्या मागे सगळं गाव. आईचा तो मातीचा इन्सिरा माझ्याकडे आल्यापासून एक वर्ष चुकलेलं नाही. शेजारची बिर्के दर वर्षी वाट बघते, आबा कधीतरी आधी तिच्याकडे वळतील म्हणून. बिर्केची तेल्ला! गेशोची कडू पानं लांबून दाखवलेलं पाणी ते. मी मेले तरी त्या पाण्याला माझ्या उंबऱ्याच्या आत घेणार नाही.

तू बिर्केची बहीण नाहीस, माझी आहेस. जा, जागा घेऊन ये.

तुझी तांगुत


आदिस अबाबा
टिकिम्त १४

इतेते,

झालं ते एका दमात सांगते. मध्ये हसू नकोस.

तिंजूत पोचली. म्हटलं, हिदारच्या आधी एकदा करून बघावं. एमाये त्या दिवशी इथेच होत्या, अंगणात उन्हाला गुडघे शेकत बसल्या होत्या. मी खापरीत निखारे घेतले, वर तिंजूत घातली आणि काय धूर सुटला म्हणून सांगू! मला आपली चूल दिसली, आईचे हात दिसले. त्या तंद्रीत पिंप उचललं आणि घातलं पालथं. प्लास्टिकचं, इतेते! निळं प्लास्टिकचं पिंप! ठसका लागेपर्यंत सोडायचं नाही असं तूच लिहिलं होतंस. ठसका लागला. सगळ्या गल्लीला लागला.

शेजारच्यांनी बादल्या आणल्या. पिंपाचं तोंड रुसलेल्या पोराच्या ओठासारखं एका बाजूला लोंबत होतं. सेफू बिचारा नुसता त्याच्याभोवती फिरत राहिला. एमाये बोलल्या. "डोंगरात पिंपं भाजून खातात होय? थांब, मीठ देते."

ही गोष्ट त्सेदालेच्या घरी माझ्या आधी पोचली होती. परवा बाराला तिच्याकडे गेलो तर बायका माझ्याकडे बघून तोंडाला पदर लावत होत्या. तिची तेल्ला छान झाली होती, खोटं कशाला बोलू? जेवणं झाल्यावर एमाये सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हिदारला वुबालेम तेल्ला विकत आणेल. घर पेटवण्यापेक्षा ते बरं." सगळे हसले. मीसुद्धा हसले, दुसरं काय करणार? माहबरचे आबा तिरुने भले आहेत, विषय बदलावा म्हणून त्यांनी विचारलं, "मुली, तुझं गाव कोणतं?" मी म्हटलं, "देब्रे ताबोरकडचं." शहराचं नाव सांगितलं, आपल्या जिब वाशाचं तोंडातून निघेना.

आता तिंजूत पाठवू नकोस. उरलेली जुडी पलंगाखाली टाकलीय. कोपऱ्यावरच्या तेल्लावालीला सांगून ठेवते.

वुबे


जिब वाशा
टिकिम्त १८

वुबालेम,

पत्र मिळालं. पिंपाची गोष्ट यांना वाचून दाखवली, दोघंही पोट धरून हसलो. त्याच्या पुढचं यांना वाचून दाखवलं नाही.

विकत? हिदारच्या मिकाएलला, विकत? आई तापाने फणफणली होती त्या वर्षी तिने अंथरुणावरून एकेक गोष्ट सांगून माझ्याकडून तेल्ला करून घेतली. मी तेव्हा तुझ्या आत्ताच्या निम्म्या वयाची होते. पण दुसऱ्याच्या दारात घडा घेऊन तिने मला पाठवलं नाही. तुला पाय आहेत, हात आहेत, जुडीभर तिंजूत आहे, आणि तू तेल्लावालीला सांगून ठेवतेस!

आणि देब्रे ताबोरकडचं म्हणजे काय गं? देब्रे ताबोरकडे पुष्कळ काही आहे. दगड आहेत, गाढवं आहेत. तू त्यातली नेमकी कोण?

तुला त्या पिंपाची लाज वाटत नाहीये. तुला आमची लाज वाटतेय. तसं असेल तर तसं लिही, उगाच बाजारावर आणि भांड्यावर ढकलू नकोस. आणि ती जुडी पलंगाखाली कशाला? फेकून दे. उघड्या डोंगरावर वाढलेली आहे ती, लपून राहायची तिला सवय नाही.

तांगुत


आदिस अबाबा
टिकिम्त २३

तांगुत इतेते,

हो, वाटली लाज. लिही म्हणालीस म्हणून लिहिते.

तुझ्या गावात प्रत्येकाने आईच्या हातची तेल्ला प्यायलीय. तिथे मान ताठ ठेवायला काय लागतं? इथे माझ्या पाठीशी आई नाही, बहीण नाही, एक वितळलेलं पिंप आहे. त्या बायकांमध्ये मी बसते, तू नाही. त्या हसल्या की मला हसावं लागतं. घरी येऊन मग भांडी घासताना मी काय करते ते सेफूला माहीत आहे.

तेल्लावालीला सांगितलं. माझ्याकडे भांडं नाही. नवं मातीचं घेतलं तर पहिल्या खेपेला कच्च्या मातीची चव लागते, हे तूच मला शिकवलंस. मोठ्या सणाला मी सगळ्यांना चिखल पाजू का?

जुडी फेकायला बाहेर नेली होती. हाताला वास लागला. परत आणून ठेवली. हे तुला खूश करायला लिहीत नाही, झालं ते सांगतेय. रागवायचं तर रागव.

वुबे


जिब वाशा
टिकिम्त २९

वुबे,

बितेवच्या शेजारच्या सीटवर बसून जो पाहुणा आलाय त्याला आधी घरात घे. आईचा इन्सिरा आहे. बसच्या टपावर ठेवू दिला नाही मी. बितेवला मिकाएलची शप्पथ घातलीय, सीट मिळाली नाही तर मांडीवर घे म्हटलं. गवतात गुंडाळलाय, गवत हाताने सोड, सुरी लावू नकोस. कानाजवळचा तडा जुना आहे आणि तो तुझा आहे, लहानपणी पाण्याला जाते म्हणून हट्ट करून आदळला होतास.

या भांड्याला काही शिकवावं लागत नाही. आईच्या आधीपासून तिंजुतीचा धूर पीत आलंय ते. तू फक्त पलंगाखालची जुडी बाहेर काढ.

माझी काळजी करू नकोस. शनिवारच्या बाजारातून नवा इन्सिरा आणलाय, याच्याहून मोठा आणि चांगला मुरवलेला. बिर्के बघून गेली आणि जळली.

लाज वाटली हे लिहिलंस ते बरं केलंस. गोडगोड खोटं लिहिलं असतंस तर भांडं पाठवलं नसतं. राग गेलेला नाही. तो मी जपून ठेवलाय, पुढे कधीतरी लागेल.

तांगुत


आदिस अबाबा
हिदार १४

इतेते! इतेते! इतेते!

कुठून सुरुवात करू? गवत सोडलं तेव्हा मी इन्सिऱ्याच्या तोंडात तोंड घातलं आणि तिथेच जमिनीवर बसले. आई होती आत. सेफू घाबरला, म्हणाला, काय झालं, फुटलाय का? मी म्हटलं, तेल्लावालीकडे जा आणि तिला सांग, आम्हाला नको.

सातू भाजला, गेशो भिजवला, सगळं आपल्या पद्धतीने. धुरी द्यायच्या दिवशी मुद्दाम अंगणात बसले, त्याच जागी, जिथे पिंप गेलं. शेजारणी बादल्या घेऊनच उभ्या होत्या, चेष्टा म्हणून. तिंजूत पेटली, धूर सुटला, मी इन्सिरा पालथा घातला. फाटकाबाहेरून एक लाकडाची मोळीवाली चालली होती, ती थबकली. कधी पाहिली नव्हती मी तिला. पाठीवर मोळी तशीच, आणि ओरडतेय, "आमच्याकडचं कोण राहतं गं इथे?" इतेते, मी उठून हात वर केला. वर्गात करतात तसा. मग आत तोंड घातलं, ठसका लागला आणि शेजारणींना सांगितलं, "झालं."

परवा सगळे आले. एमाये सगळ्यांच्या आधी येऊन इन्सिऱ्याच्या समोरच स्टूल ओढून बसल्या. त्सेदाले आत येताच नाक मुरडून म्हणाली, "गोठ्यासारखा वास येतोय." मी पहिला पेला एमायेंना दिला.

प्यायल्या. तोंडावर काही नाही.

"कशाचा धूर?"

"तिंजुतीचा."

"हं." पेला पुढे केला. मी भरला. तोही संपला.

"भांडं कुणाचं?"

"माझ्या आईचं."

"आणि ते पिंप?"

"पिंप आम्ही खाल्लं, एमाये. मीठ तुम्हीच दिलंत ना."

मला वाटलं, गेली जागा. आणि मग एमाये हसल्या. मी या घरात आल्यापासून त्यांचे मागचे दात पाहिले नव्हते, परवा सगळे पाहिले. त्या हसल्या तसे बाकीचेही हसत सुटले, आबा तिरुनेंना तर हातातली भाकर खाली ठेवावी लागली. डोळे पुसत ते म्हणाले, "मुली, तुझं गाव कोणतं म्हणालीस?"

या वेळी मी पेले भरायचं थांबवलं. सरळ उभी राहिले. म्हटलं, "जिब वाशा, आबा. गुना डोंगराच्या कुशीत. आईचं नाव यिताइश. ही तिंजूत माझ्या बहिणीने, तांगुतने, हात रक्ताळून तोडली आणि हे भांडं तिने बसमध्ये सीट देऊन पाठवलं. अजून काही विचारायचं असेल तर तेही सांगते."

सेफू दारात उभा होता. त्याने टोपी काढली आणि परत घातली, उगाचच.

त्सेदाले म्हणाली, "छान आहे, धूर तेवढा जास्त झालाय." तेव्हा एमाये तिच्याकडे वळल्या. "तुझी तेल्ला चांगली होती गं. स्वच्छ होती. फाटकापर्यंत जाईस्तोवर विसरले. हिची मला घरी जाऊन ढेकरांत सापडणार." आणि उठल्या. सेफू धावला, त्याचा हात झटकला त्यांनी, माझ्या खांद्याला धरून उठल्या. कापडात झाकलेला मिकाएलचा प्याला माझ्या हातांत ठेवला आणि म्हणाल्या, "नीट धर, डोंगरातली. आता हा तुझा." बायकांनी आनंदाने इलिलिलि केलं. 'डोंगरातली'च म्हणाल्या, इतेते, आणि मला ते नाव कधी नव्हे इतकं आवडलं.

त्सेदालेने मागे राहून माझ्याबरोबर पेले विसळले. मग हळूच म्हणाली, "थोडी तिंजूत देशील?" मी अर्धी जुडी दिली. बरं, पाव.

काल माहबरच्या दोघी सहज म्हणून आल्या. कॉफी झाली. मग एकीने मागच्या वर्षीच्या बाळाचं विचारलं. मुलगा होता का मुलगी, नाव ठरवलं होतंस का. आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी नाव सांगितलं. त्या बसून राहिल्या, कितीतरी वेळ.

एमाये म्हणतात, तिंजुतीचं रोप इथे लागतं का बघ. तुझा जपून ठेवलेला राग आता खर्च करून टाक, त्याच्या बदल्यात खूप मान मिळालाय.

तुझीच,
जिब वाशाची वुबालेम


जिब वाशा
हिदार २५

माझ्या वाघिणी,

पत्र यांना वाचून दाखवलं. आबा मेल्कूंना दाखवलं. झऱ्यावर पाण्याला गेले तेव्हा तिथे वाचून दाखवलं, बायकांचे घडे वाहून चालले तरी कुणाला भान नाही. "पिंप आम्ही खाल्लं, एमाये" हे आता गावातली गाढवंसुद्धा म्हणतात. कागद घड्यांवर फाटायला आलाय, पुढचं पत्र जाड कागदावर लिही.

बाळाचं वाचताना मात्र मी थांबले. यांनी विचारलं, पुढे काय? मी म्हटलं, पुढे काही नाही, डोळ्यांत धूर गेला. बरं झालं त्या बसल्या तुझ्याजवळ.

इथेही सण चांगला झाला. आबा आधी माझ्याच दारात आले. सगळं गाव आलं, सगळे प्यायले. नव्या भांड्याचं काय विचारतेस, मोठं आहे.

तुझी तांगुत


आदिस अबाबा
ताहसास ८

तांगुत इतेते,

मी नव्या भांड्याचं काही विचारलंच नव्हतं. तू आपणहून का सांगतेस, असं मनात आलं.

मग बितेव आला. त्याला पहिली कॉफी पाजली, तो मसुराच्या भावाबद्दल बोलला. दुसरी पाजली, बसच्या टायरबद्दल बोलला. तिसऱ्या कपाला सगळं ओकला.

तुझं नवं भांडं धुरीवर पालथं घालताच उभं चिरलं. दुसरं मुरवायला वेळ नव्हता. हिदारच्या मिकाएलला तुझ्या घरात, आईच्या घरात, घोटभर तेल्ला नव्हती. आबा दारात आले, मागे सगळं गाव, आणि तू त्यांच्यापुढे बिर्केची तेल्ला ठेवलीस. बिर्केची! 'मी मेले तरी' असं लिहिणारी तू! तू तिच्या दारात घडा घेऊन गेलीस, आणि मला विकत घेऊ नकोस म्हणून फाडून खाल्लंस. मी इथे इलिलिलि ऐकत होते तेव्हा तू तिथे मान खाली घालून उभी होतीस. हे मला सहन होत नाही, इतेते. मला माहीत असतं तर मी प्याला हातात घेतला नसता.

बितेव म्हणतो, कुणीतरी तुला काहीतरी विचारलं, तू काहीतरी म्हणालीस आणि सगळं गाव उभं राहिलं. तो लांब अंगणात होता, त्याला ऐकू आलं नाही. काय विचारलं? काय म्हणालीस? खरं लिही, नाहीतर मी बसमध्ये बसून येते.

इन्सिरा त्याच्याबरोबर परत पाठवतेय, सीटवर बसवून. मी एक नवा घेतलाय, दर आठवड्याला धुरी देतेय. पुढच्या हिदारला तो तयार असेल. तुझ्या घराची तेल्ला परत कधी चुकायची नाही.

तुझी वुबे


जिब वाशा
ताहसास १७

वुबे,

इन्सिरा सुखरूप पोचला. आत अजून तुझ्या तेल्लेचा वास आहे. चांगली होती, कळतंय.

बितेवच्या तोंडाला मी शिवण घालणार होते. सेफू शिंपी आहे, त्याला सांग, दोरा जाड घे.

मान खाली घालून उभी होते असं तुला कुणी सांगितलं? ऐक. भांडं चिरलं ते खरं. यांनी म्हटलं, दार लावून घेऊ, आजारी आहे म्हणून सांगू. मिकाएलला दार लावू? आईच्या घराचं? घडा घेतला आणि भर दिवसा, गल्लीतून, सगळ्यांच्या देखत बिर्केकडे गेले. लपूनछपून नाही. वाटलं, आता ही माझा जन्मभराचा हिशोब काढणार. ती एक अक्षर बोलली नाही गं. काठोकाठ भरून दिला, वर स्वतः उचलून माझ्या दारापर्यंत आणला. तेच सगळ्यात जड गेलं. आणि खरं सांगू? तिची तेल्ला एवढी वाईट नसते. हे वाचलंस की पत्र चुलीत घाल.

चिंधीत बांधून तिंजुतीचं बी पाठवतेय. त्या वाकड्या पिंपाला तळाशी भोकं पाड, माती भर आणि त्यात बी टाक. एमायेंना सांग, लाड करायचे नाहीत, पाणी सारखं घालायचं नाही. उन्हात ठेवा आणि तिच्या वाटेला जाऊ नका. काटे आले की समजा, मन रमलं तिचं.

आता तुझ्या प्रश्नाचं. आबा मेल्कूंनी एक घोट घेतला. पेल्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. इतकी वर्षं पितायत, त्यांना का कळणार नाही? बिर्के दारातच उभी होती, तिचा जीव माझ्याहून जास्त खालीवर होत होता. सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. तेव्हा तुझं पत्र आलेलं नव्हतं, वुबे. तू पलंगाखालची जुडी काढलीस की तेल्लावालीकडून आणलंस, हे मला काहीच ठाऊक नव्हतं. तुला आमची लाज वाटते असं तू लिहिलं होतंस, तेवढंच माझ्याजवळ होतं. पण आईचं भांडं तुझ्या घरात होतं, आणि तू माझी बहीण आहेस.

आबा म्हणाले, "तांगुत, ही तेल्ला बिर्केची आहे. तुझी कुठं आहे?"

मी कमरेवर हात ठेवले आणि मागच्या रांगेतल्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "माझी? माझी आज आदिस अबाबात पितायत, आबा."

तुझी तांगुत